गोष्टवालं गणित

गणिताचे पेपर तपासायला बसले की मी आधी शेवटचं पान उघडायची. बेरजा-वजाबाक्या पुढच्या पानांवर असतात. त्या तपासायला शिक्षक लागत नाही, हल्ली ते काम मोबाईलही करतो. शाब्दिक उदाहरणं शेवटच्या पानावर असतात. मूल गणित शिकलंय की नुसतं आकड्यांशी झटापट करायला शिकलंय, ते तिथे कळतं.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. पुण्यात विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून थोडं आत. जवळजवळ सगळी नोकरी तिसरी-चौथीच्या वर्गांवर गेली. निरोप समारंभात एक साहेब म्हणाले, बाईंनी पिढ्या घडवल्या. पिढ्यांचं मला माहीत नाही. मी पेपर तपासले, आणि नीट तपासले, एवढं मात्र मी कुणालाही तोंडावर सांगेन.

बाहेरच्यांना वाटतं, प्राथमिकचा पेपर तपासणं म्हणजे काय, बरोबरला खूण आणि चुकीला फुली. शाब्दिक उदाहरणाचं तसं नसतं. समजा उदाहरण तीन गुणांचं आहे आणि दोन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी बरोबर केली तर एक गुण. दुसरी पायरी योग्य मांडली तर एक. आणि शेवटचं उत्तर बरोबर असेल तर एक. उत्तर चुकलेल्या मुलाला दोन गुण मिळू शकतात आणि उत्तर बरोबर असलेल्याने शेजारच्याचं पाहिलंय हेही कळू शकतं. चुकीचं उत्तर बरंच बोलतं. मूल कुठे वळलं, कुठे अडलं, कुठे घाबरून काहीतरी लिहून मोकळं झालं, सगळं त्यात असतं.

बहुतेक मुलं उदाहरण वाचतच नाहीत, शब्द शोधतात. 'एकूण' दिसलं की बेरीज. 'उरले' दिसलं की वजाबाकी. 'प्रत्येकी' दिसलं की थोडा वेळ पेन्सिल चावायची, मग गुणाकार किंवा भागाकार, जो पाठ असेल तो. यात मुलांचा दोष नाही. क्लासवाले आणि आमच्यातलेही काही जण त्यांना तसंच शिकवतात, कारण निकाल लवकर लागतो.

कधीकधी उलटंही होतं. एका वर्षी वरून आलेल्या पेपरात उदाहरण होतं : एका इमारतीला पाच मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर चार घरे आहेत, तर इमारतीत एकूण घरे किती? पूजा नावाच्या मुलीने लिहिलं, एकवीस. गुणाकार व्यवस्थित केला होता, वीस आले होते आणि खाली अधिक एक. मी तिला जवळ बोलावून विचारलं, हा एक कुठून आणलास? म्हणाली, "खाली आमचं असतं ना, बाई." तिचे वडील धानोरीत एका सोसायटीचे वॉचमन होते.

मी तिला पूर्ण गुण दिले. तपासणीला आलेल्या पर्यवेक्षकांनी नेमका तोच पेपर उचलला.

"बाई, नमुना उत्तर वीस आहे."

"तिची खोली घर नाही असं प्रश्नात कुठे लिहिलंय?"

"प्रश्नात तुमच्या पूजाचा उल्लेख नाहीये, बाई." त्यांनी लाल पेनाने एक गुण कमी केला आणि शेजारी सही केली. पुण्यात वाद असाच संपतो.

श्रावस्ती वानखडेची गोष्ट यानंतर बऱ्याच वर्षांनी घडली. मी तेव्हा निवृत्तीच्या जवळ आले होते.

श्रावस्ती चौथीत माझ्या वर्गात आली. आईवडील वाशीमकडचे. वडील प्रकाश एका कारखान्यात पाळीवर जायचे. आई वर्षा खराडीला एका आयटी कंपनीत साफसफाईच्या कामाला होती. धाकटी बहीण विशाखा अंगणवाडीत जायची. त्यांच्या दोन खोल्या शाळेच्या मागच्याच गल्लीत होत्या. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत हिंदी, अशा तिन्ही भाषा ती मुलगी एका वाक्यात बोलायची.

तिची गुणाकार-भागाकाराची तयारी चांगली होती. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र चेहरा उतरायचा. 'उरले' दिसलं की हाताला लागतील त्या दोन संख्यांची वजाबाकी. मी तिला माझी जुनी युक्ती शिकवली. उदाहरणातले आकडे अंगठ्याने झाकायचे आणि उरलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. गोष्ट सांगता आली की आकडे आपोआप जागेवर बसतात. तेव्हापासून ती शाब्दिक उदाहरणाला 'गोष्टवालं गणित' म्हणायला लागली. मग सगळा वर्गच म्हणायला लागला.

गोष्ट सांगताना मात्र ती भरकटायची. मी एकदा आंब्यांचं उदाहरण घातलं, पेट्या किती, त्यातले नासले किती, चांगले उरले किती. आकडे झाकून ती म्हणाली, "बाई, नासले म्हणजे सगळे फेकायचे काय?"

"उदाहरणात फेकायचे."

"आमची आई तेवढं कापून टाकते. बाकीचं चांगलं असते."

मी म्हटलं, परीक्षेत आईला मध्ये आणू नकोस. ती हसली. पण त्या दिवसापासून तिला रस वाटायला लागला. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "बाई, एक गोष्टवालं द्या ना." मी द्यायची. कधी जमायचं, कधी नाही. दोन पायऱ्यांच्या उदाहरणात ती पहिली पायरी करून थांबायची, जणू गोष्ट संपली. तिथेच आमचं सगळं अडलं होतं.

पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधी असते. त्या वर्षी गल्लोगल्ली डेंग्यू होता. रोज वर्गात दोन-चार बाकं रिकामी असायची आणि पालकांच्या ग्रुपवर फवारणीवरून भांडणं चालायची. गणिताच्या पेपराला श्रावस्ती आली. मी पेपर वाटले, फळ्यावर वेळ लिहिली. थोड्या वेळाने बघते तर ती डावा हात डोक्याखाली घेऊन बाकावर आडवी होऊन लिहीत होती. मी जवळ जाऊन कपाळाला हात लावला. भाजत होतं.

"कधीपासून ताप आहे गं?"

"परवापासून. आईनं गोळी दिली सकाळी."

"चल, ऊठ. दवाखान्यात जाऊ."

"बाई, थांबा ना. गोष्टवालं करून राहिली मी."

मी शेजारच्या वर्गावरच्या बाईंना माझ्या वर्गाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि तिच्या हाताखालून पेपर काढून घेतला. तिने वरचा कोपरा धरून ठेवला होता. मी जरा जोर लावला, तेव्हा सोडला. पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली, दवाखान्यापर्यंत.

महापालिकेचा दवाखाना पलीकडच्या चौकात आहे. वाटेत मी वर्षाताईंना फोन लावला. लागेना. खराडीच्या त्या इमारतीत कामावर चढताना या बायकांना मोबाईल खाली जमा करावे लागतात. प्रकाशरावांचा बंद होता, ते रात्रपाळी करून झोपले असणार. शेवटी शाळेच्या शिपाईमावशींना घरी पाठवलं. प्रकाशराव चपला उलट्यासुलट्या घालून धावत आले. डॉक्टरांनी तपासलं, लगेच रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाले, हिला दाखल करा, इथे नको, मोठ्या हॉस्पिटलला न्या. रिक्षात बसताना ती वडिलांच्या मांडीवर होती. मला म्हणाली, "बाई, माझा पेपर जमा करसान ना?"

मी म्हटलं, करते.

डेंग्यूच होता. प्लेटलेट उतरत गेल्या. शाळेतल्या एका शिक्षकांनी जाऊन रक्त दिलं, गल्लीतल्या पोरांनी दिलं. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा काचेतून पाहिलं. शाळा सुट्टीसाठी बंद व्हायच्या आत ती गेली. गावातल्या वैकुंठ स्मशानभूमीत नाही, जवळच्याच स्मशानात नेलं. बुद्धवंदना झाली. वर्षाताई रडत नव्हत्या. कुणीतरी हाताला धरून बसवलं की बसत होत्या, उठवलं की उठत होत्या.

पेपरांचा गठ्ठा माझ्या घरी होता. दिवाळीच्या सुट्टीत मी सगळे तपासले आणि तिचा तळाशी ठेवला. शेवटी तोही घेतला. पुढची पानं ठीकठाक होती, तापातही गुणाकार एक चुकला नव्हता. मग शेवटचं पान. उदाहरण असं होतं : एका पेटीत २४ संत्री मावतात. अशा ६ पेट्यांतील ३८ संत्री खराब निघाली. तर चांगली संत्री किती उरली?

तिने लिहिलं होतं, २४ गुणिले ६ बरोबर १४४. त्याखाली १४४ वजा ३८. दशकातला चार खोडून वर तीन केला होता. एककाच्या घरात सहा लिहिला होता. पुढे काही नाही. दोन पायऱ्यांचं उदाहरण तिने पहिल्यांदाच माझ्या मदतीशिवाय मांडलं होतं. राहिलं होतं ते दुसरीतल्या मुलालाही आलं असतं, तीनातून तीन. तेवढ्यात मी पेपर ओढला होता.

पेपर काढला यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तरी लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. नियमाने दोन गुण. तिसरा गुण उत्तराचा, आणि उत्तर नव्हतं. मी दोन लिहायला जायची आणि थांबायची.

शाळा उघडल्यावर मी पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. पानसे सर. कोरडा माणूस, वाक्य तीन शब्दांच्या वर गेलं तर दमायचे. मी म्हटलं, श्रावस्तीचे गुण ठरवायचे आहेत.

"कशाला?"

"पेपर दिलाय तिने."

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. निकाल भरायच्या पानावर तिच्या नावापुढचा चौकोन करडा झाला होता. "नाव कमी झालंय. गुण घेत नाही हे. वर्गाचा निकाल बंद होईना, म्हणून गैरहजर टाकलं."

"सर, ती हजर होती. मी पेपर वाटलाय तिला."

"मला सांगताय. याला सांगा." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तीन द्या, बाई. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"मग दोन द्या."

मी रागाने बाहेर आले. मला वाटलं, या माणसाला काहीच फरक पडत नाही.

त्याच आठवड्यात वर्षाताई शाळेत आल्या. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. कडेवर विशाखा. दारातच म्हणाल्या, "जयभीम मॅडम. येऊ काय आत?"

मी खुर्ची पुढे केली, त्या पहिल्या बाकावर बसल्या. विशाखाला खाली सोडलं. ती फळ्याकडे गेली. मग त्यांनी विचारलं, "गणितात कितीक मार्क पडले तिले?"

मी टेबलाच्या खणातून पेपर काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. वर्षाताई सातवी शिकलेल्या. त्यांनी एकेक पान उलटलं, प्रत्येक उदाहरणावर बोट ठेवत. शेवटच्या पानावर बोट थांबलं. ओठ हलवत त्यांनी संत्र्यांचं उदाहरण वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं.

"हे अर्धंच हाये."

"हो."

"तीनातून तीन गेले, शून्य. अन् एक. एकशे सहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येत होतं तिले? का अडली होती?"

"येत होतं. अडली नव्हती. अंग तापलं होतं म्हणून मी पेपर काढून घेतला."

त्यांनी मान खाली घातली. पेपराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"तुमी तं काढून घेतला," त्या म्हणाल्या. "म्याच पाठवली होती. सकाळी म्हणत होती, आई, आज गणित हाये, गोष्टवालं आता मले येते. मले म्हणाले सुपरवायझर, आता खाडा केला तं दुसरी बाई पाहू. म्या म्हटलं, शाळेत बसली तं बसली, मॅडम हायेत. गोळी दिली अन् वेणी घालून पाठवली." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घरी ठेवली असती तं?"

डॉक्टरांना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. एवढी वर्षं मुलांना 'येत नाही' असं लिहू नका, प्रयत्न करा म्हणून सांगणारी मी, वर्षाताईंना म्हटलं, "मला माहीत नाही हो."

त्यांनी मान हलवली. खोटं सांगितलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं, असं मला वाटतं.

"मग मार्क?"

"उत्तर अपुरं आहे, पण मांडणी सगळी तिची आहे. मी तिला तीनही देऊ शकते. तुम्ही म्हणाल तसं."

"लिहिलं तेवढ्याचेच द्या," वर्षाताई म्हणाल्या. "जास्तीचे नका देऊ. तिले समजलं असतं."

मी त्यांच्यासमोर पेन उघडलं आणि त्या उदाहरणापुढे दोन लिहिले. बेरीज करून पहिल्या पानावर एकूण गुण मांडले, खाली सही केली. त्यांनी पेपर उचलून छातीशी धरला आणि विचारलं, नेऊ काय? उत्तरपत्रिका शाळेत जमा ठेवायच्या असतात, पालकांना घरी देता येत नाहीत. मी त्यांना घेऊन पानसे सरांकडे गेले. भांडायची तयारी करूनच गेले होते.

सरांनी आधी वर्षाताईंकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या पेपराकडे.

"आपल्या नोंदीत मुलगी गैरहजर आहे," ते मला म्हणाले. "गैरहजर मुलीचा पेपर मी जमा कसा करून घेणार?" मग खुर्चीतून उठले. मी त्यांना पालकांसाठी उठताना कधी पाहिलं नव्हतं. "न्या, ताई."

वर्षाताई गेल्यावर ते बसले आणि फाईल उघडली. मला म्हणाले, "तास सुरू झालाय, बाई."

यापुढचं थोडक्यात सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

वर्षाताईंनी खराडीचं काम सोडलं. घराजवळच दोन घरी पोळ्या करायला लागल्या. काही काळाने विशाखा पहिलीत आमच्याच शाळेत आली. माझ्या वर्गावर नव्हती, पण फाटक माझ्या खिडकीतून दिसायचं. रोज सकाळी वर्षाताई तिला फाटकापर्यंत आणायच्या आणि आत सोडायच्या आधी कपाळाला हात लावायच्या. मग मानेला. मग पोटाला. कधी सोडायच्या, कधी तिथूनच परत न्यायच्या. हवा पालटली, की विशाखा घरी. वर्गात कुणी खोकलं, की घरी. पावसाळ्यात तर ती महिनोन् महिने दिसायची नाही. तिच्या वर्गाच्या बाईंनी निरोप पाठवून पाहिले, मग थकल्या.

दुसरीतही तेच झालं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. विशाखा चांगली टुणटुणीत होती, दारात खेळत होती.

"वर्षाताई, परवा नुसती शिंकली म्हणून नेलीत ना तिला?"

"हो."

"अशानं तिचं वर्ष बुडेल. तिला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत."

"माहीत हाये मले."

"मग?"

त्या परातीतली कणीक मळत होत्या. हात थांबला नाही. "नाही शिकणार तं नाही शिकणार, मॅडम. पोरगी राहीन तं खरी."

प्रकाशराव आतल्या खोलीत होते. ते दारात येऊन उभे राहिले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि परत आत गेले. या विषयावर त्या घरात किती वेळा बोलणं झालं असेल ते मला त्यावरून समजलं.

मुलीला शाळेत पाठवा, हे वाक्य मी किती घरांच्या उंबऱ्यावर म्हटलंय त्याला सुमार नाही. दारूड्या बापांना म्हटलंय, लग्न ठरवायला निघालेल्या आज्यांना म्हटलंय. प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे पुढचं वाक्य तयार असायचं. त्या दिवशी मी चहा घेतला आणि उठताना म्हटलं, मी येऊ का शिकवायला? वर्षाताई म्हणाल्या, "या ना. तुमी आल्या तं मले भेव नाही वाटत."

तेव्हापासून शनिवारी जाते. निवृत्तीनंतरही जाते. विशाखा हुशार आहे असं मी म्हणणार नाही. वाचायला लागली आहे, बेरीज येते, हातच्याची वजाबाकी अडते. सलग शाळा मिळाली असती तर हे केव्हाच सुटलं असतं, हे मला दिसतं आणि वर्षाताईंनाही. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही. त्या शेजारी भाजी निवडत बसतात आणि मधूनच हात पुढे करून पोरीच्या कपाळावर ठेवतात. विशाखाला त्याची इतकी सवय झाली आहे की ती वाचताना थांबतही नाही.

गेल्या शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला. "मॅडम, आज शिकवू नका. पोरीचं अंग गरम लागून राहिलं."

"किती आहे ताप?"

"मोजला नाही. मोजाले भेव वाटते."

मी पर्समध्ये थर्मामीटर टाकला आणि रिक्षा केली. विशाखा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, पांघरुणात गुंडाळलेली, बाहेर ऊन असून. वर्षाताई तिचा पाय धरून बसल्या होत्या. मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी वाचला, मान हलवली.

"पुन्हा लावा."

मी पुन्हा लावला. तेवढाच आला.

"ताप नाहीये, वर्षाताई. बघा तुम्हीच."

त्यांनी पाहिलं. पाय सोडला नाही. विशाखा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती आणि मग तिने स्वतःच तोंड उघडून जीभ वर केली.

"आणखी एकदा," वर्षाताई म्हणाल्या.

मी आणखी एकदा लावला.